सूर तोच, मैफल वेगळी

लग्नाची सुपारी घेतलेल्या वादकाच्या हातात पैशांआधी ग्लास येतो, हे वसईच्या वाड्यांत कुणाला नवं नाही. रात्र चढते, फर्माइशी वाढतात आणि वाजवणाऱ्याने ‘घेतली’ की रंग भरतो, अशी यजमानाचीही समजूत असते. मेंदू मात्र गाण्याची आणि दारूची गाठ घालून ठेवतो. दारू सुटून वर्ष झालं तरी तीच चाल कानावर पडली की तलफ उसळते, ती याच गाठीमुळे.

अमेरिकेतल्या ब्लूज वादकांच्या रात्रीही अशाच दारूच्या संगतीत जायच्या. मेम्फिसचा रॉबर्ट विल्किन्स घरगुती पार्ट्यांत वाजवायचा. 1930च्या दशकात अशाच एका पार्टीत हाणामारी झाली आणि त्याने ब्लूज सोडलं. पुढे तो पाद्री झाला. गिटार मात्र त्याने टाकली नाही. 1929 साली रेकॉर्ड केलेल्या स्वतःच्याच ब्लूजवर त्याने उधळ्या पुत्राची गोष्ट बसवली. लूकच्या शुभवर्तमानातली ही गोष्ट वसईत मिस्सेला जाणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे: सगळं उडवून डुकरं राखायची वेळ आलेला मुलगा घरी परततो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो.

पण नुसत्या भक्तिगीतांनी दारू सुटत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जातो. म्हणून आधी डॉक्टर, मग शपथ. स्वतः दारूतून बाहेर पडलेले फादर जो परेरा यांनी 1981 साली वांद्र्यात व्यसनमुक्तीसाठी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं. वसईतही त्यांचं केंद्र आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या संघटनेच्या बारा पायऱ्यांना त्यांनी गुरू बी. के. एस. अय्यंगारांच्या योगाची जोड दिली.

चर्चच्या गायनवृंदाचं मोल कळतं ते यानंतर. तिथे सरावाची वेळ ठरलेली, गाणं सकाळचं, आवाज इतरांच्या आवाजात मिसळणारा. कुणी फर्माइश करत नाही, कुणी ग्लास पुढे करत नाही. फक्त एक घाई टाळावी. नुकत्याच सावरलेल्या वादकाला साक्ष द्यायला लगेच व्यासपीठावर उभं करू नये. टाळ्यांचीही तलफ असते. काही महिने त्याला मागच्या रांगेत वाजवू द्यावं.