भंडारदऱ्याचा बेत

पुण्याहून भंडारदऱ्याला जायला दोन रस्ते आहेत. नाशिक महामार्गाने आळेफाटा ओलांडायचा, बोट्याला डावीकडे वळायचं आणि ब्राह्मणवाडा, कोतूळ करत राजूर गाठायचं, हा जवळचा. तसंच सरळ संगमनेरपर्यंत जाऊन अकोले गावावरून राजूरला यायचं, हा पंचवीसेक किलोमीटरनी लांबचा. गाडीत नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई असल्या की मी डोळे झाकून लांबचा धरते. तिकडे रस्ता रुंद, पेट्रोल पंप बरेच, म्हणजे स्वच्छतागृहंही बरी. लहान मुलाला ‘शू आलीय’ म्हटल्यापासून फार तर दहा मिनिटं मिळतात आणि त्या दहा मिनिटांत पंप लागणार की नाही, यावरच माझा रस्ता ठरतो.

डोंगराळ भागातली सहल आखताना मी किलोमीटर बाजूला ठेवते आणि तासांचा हिशेब मांडते. महामार्गावर ताशी साठ धरलं तर चालतं. अकोल्याच्या पुढे विठा घाट लागला की चाळीस. भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर वीस धरावेत, कारण दर दोन वळणांनी कुणीतरी ‘थांबा, थांबा’ म्हणणार आणि थांबायलाच तर आपण आलोय. या हिशेबात मुलांचे तास मिसळायचे: खाण्याचे, झोपेचे, कंटाळ्याचे. आमचा धाकटा दुपारी एक ते तीन झोपतो. घाटघरच्या कड्यावर त्याला दीड वाजता नेलं तर त्याच्या वाट्याला कडा येत नाही, नुसती किरकिर येते. म्हणून त्याची झोप आधी लिहायची आणि ठिकाणं तिच्या दोन्ही बाजूंना बसवायची.

तारखांचंही तसंच. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे भरात असतात, पण शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते आणि धुक्यात समोरचं वळण दिसत नाही. नवरात्रात कळसूबाईची जत्रा असते. मला आवडतो तो मधला पितृपंधरवडा. पाऊस ओसरलेला, पठारांवर सोनकी पिवळीधमक, ओढ्यांना अजून पाणी आणि गर्दी जरा कमी. गुरुवारी निघून शनिवारी परतायचं, म्हणजे शनिवारची गर्दी समोरून येते आणि आपण उलट्या बाजूने मोकळे. शाळेचे दोन दिवस बुडतात. ते बुडू द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुटायचं पहाटे पाचला. चाकणची वाहतूक जागी व्हायच्या आत चाकण मागे पडलं, की अर्धा दिवस हातात येतो. मुलांना झोपेतच उचलून, रात्रीच्याच कपड्यांत गाडीत बसवतो. इथे आमच्याकडे दर वेळी एक प्रेमळ वाद होतो. “अरे, माझ्या मांडीवर झोपेल की तो,” सासूबाई म्हणतात. त्यांनी चार नातवंडं मांडीवर झोपवून एसटीने कोकण केलंय, त्यामुळे बोलण्यात वजन असतं. पण गाडी ताशी साठने जाताना अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल कुणाच्याही हातात राहत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड आहे. मला दंडाची भीती नाही, ब्रेकची आहे. शेवटी त्याचं आसन आजीच्याच रांगेत बांधलं आणि झोपेत तिचा हात त्याच्या हातात राहील इतकं अंतर ठेवलं. सासूबाईंनी स्वतः बसून ते मोजून घेतलं, तेव्हा वाद मिटला.

थोरलीला गाडी लागते. डोंगरात मुलांना न्यायचं म्हणजे निम्मी तयारी या एका गोष्टीची असते. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण डावी-उजवीकडे झोके खातोय, आणि पुस्तकावर किंवा मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की आपण जागच्या जागी आहोत. मेंदूला या दोन बातम्यांचा मेळ घालता येत नाही आणि पोट ढवळतं. उपाय यातूनच निघतो: डोळ्यांनाही वळण दिसू द्यायचं. म्हणून ती मागच्या सीटवर मधे बसते. आमच्या गाडीत तिथेही खांद्यावरून येणारा पट्टा आहे आणि तिथून समोरचा रस्ता काचेतून सरळ दिसतो. घाट सुरू झाला की पुस्तक, मोबाइल, चित्रांची वही सगळं बंद आणि काच दोन बोटं खाली.

सकाळी दूध द्यायचं नाही. निघताना कोरडं काहीतरी, खाकरा किंवा पोळीचा तुकडा; पोटभर खाणं नारायणगावला आणि तेही मुलांपुरतं इडलीचं. मोठ्यांनी मिसळ खावी, पण मुलांच्या ताटलीत तर्री नको. आलेपाकाच्या वड्या आणि आमसुलं पुढच्या कप्प्यात. औषध द्यायचंच असेल तर आपल्या डॉक्टरांना आधी वजन सांगून मात्रा विचारून घ्यायची. ते घाटाच्या पायथ्याशी देऊन उपयोग नसतो, आधी द्यावं लागतं. आणि पिशव्या. आदल्या रात्री मी प्रत्येक पिशवीत फुंकर मारते, तोंड मुठीत आवळते आणि पिशवी गालाशी धरून दाबते. भोक असेल तर वाऱ्याची बारीक रेघ गालाला लागते. ती पिशवी बाद. टिकलेल्या पिशव्या, एक जुना पंचा, पाण्याची बाटली आणि थोरलीचा एक कपड्यांचा जोड एवढं तिच्या पायाशी असतं. डिकीत, बॅगांच्या तळाशी असलेला जोड अशा वेळी नसल्यासारखाच.

बाकी तयारी पटकन होते. राहायची जागा शेंडी गावात, जेवण तिथेच सांगायचं: तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, मुलांना वरणभात. गाडीचे ब्रेक, टायर, वायपर आठवडाभर आधी दाखवून आणायचे. टाकी राजूरला भरायची. पुढे मोबाइलला रेंज येते-जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवायचा.

पण आमचा खरा नकाशा थोरली काढते. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं पाठकोरी चिकटवून तिने लांबलचक पट्टी केली आहे. तिच्यावर एकच सरळ रेघ आणि रेघेवर गावं: चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, चंदनापुरी घाट, संगमनेर. रेघेच्या कडेला ती मैलाच्या दगडांचे रंग भरते. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा, राज्यमार्गाचा हिरवा, जिल्ह्याच्या रस्त्याचा काळा किंवा निळा, गावाकडे नेणाऱ्या ग्रामसडकेचा नारिंगी. हे तिला समजल्यापासून ‘अजून किती वेळ’ हा प्रश्न आमच्या गाडीत जवळजवळ संपला. पिवळा जाऊन हिरवा आला की रस्ता अरुंद होणार, बाबा हळू चालवणार, घाट जवळ आला आणि पुस्तक ठेवायचं, हे तिचं तीच ओळखते. दगड वाचण्यासाठी नजर लांबवर ठेवावी लागते, हा त्यातला माझा फायदा. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही तिने पट्टीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय आणि बाबा तो पाळतात का, यावर तिचं लक्ष असतं.

भंडारदऱ्यात पाहण्यासारखं इतकं आहे की यादी करायला बसलं तर तीन दिवस पुरत नाहीत. मी दिवसाला एकच मोठी गोष्ट ठरवते. पहिल्या दिवशी पोचल्यावर फक्त धरण. दगडी बांधणीचं, ८२ मीटर उंचीचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. पाचएक तास गाडीत बसून आलेल्या मुलांना त्यानंतर हुंदडायला मोकळी जागा हवी असते, दुसरा पॉइंट नको असतो. रंधा धबधबा येताना वाटेतच आहे. पण तिथे खोल दरी आहे आणि पेंगुळलेलं मूल कठड्याशी नेऊ नये, म्हणून तो परतीत ठेवला.

दुसरा दिवस जलाशयाच्या फेरीचा. शेंडीहून मुतखेल, कोलटेंभे करत आधी रतनवाडी. अमृतेश्वराच्या कोरीव देवळाशेजारी पायऱ्यांची पुष्करणी आहे. तिच्या कोनाड्यांतल्या मूर्ती मोजण्यात मुलांचा अर्धा तास सहज जातो, फक्त मोठ्यांपैकी एकाने पाण्याच्या बाजूला उभं राहायचं. मग साम्रद. तिथली सांदण दरी मी यादीतून सरळ काढली. दगडांवरून उतरत, पाण्यातून जायची ती वाट पाच वर्षांच्या पायांची नाही. साम्रद ते घाटघर या टप्प्यात धाकटा झोपेल आणि गाडी कोकणकड्याजवळ सावलीत उभी राहील. त्या वेळात आम्ही दोघं पाळीपाळीने कड्यावर जाऊन येऊ. तो उठला की सगळे मिळून.

घाटघरची एक गोष्ट थोरलीसाठी मुद्दाम वाचून ठेवली आहे. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या गावात २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे. वरच्या जलाशयातलं पाणी डोंगराच्या पोटातून खाली सोडून वीज करतात आणि विजेची मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. पाणी डोंगर चढतं, हे ऐकून ती मला लगेच विचारणार की वर चढवायला लागते ती वीज जास्त की खाली येताना मिळते ती. चढवायला जास्त लागते, आणि तरी ते का परवडतं, याचं उत्तर तिला कड्यावर उभं राहून द्यायचंय: गरजेच्या वेळची वीज जास्त मोलाची. पुढे उडदावणे, पांजरे, मुरशेत करत उजेडी शेंडीला परत. अंधारात या रस्त्यावर गाडी नाही, हे नवऱ्याने आणि मी आधीच ठरवलंय.

राहता राहिलं कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, आणि थोरलीला ते चढायचंच आहे. पायथ्याचं बारी गाव शेंडीपासून जवळ. तिथून माथा गाठून उतरायला मोठ्यांचाही बराचसा दिवस जातो, वाटेत लोखंडी शिड्या आहेत आणि आम्हाला त्याच दिवशी पुण्याला परतायचंय. सासूबाई आणि धाकटा मुक्कामी थांबतील, मी आणि ती सकाळी सातला बारीतून निघू आणि नऊ वाजता जिथे असू तिथून मागे फिरू, असं आमचं ठरलंय. तिला ते मान्य नव्हतं. दोन दिवस घासाघीस चालली होती. काल तिने अट घातली की घड्याळ तिच्या मनगटावर असेल आणि नऊ वाजल्याचं तीच सांगेल. मी हो म्हटलं आणि बाबांचं जुनं घड्याळ तिच्या मापाचं करून आणलं.