वादळानंतरचा हिरवा काठ : एव्हरग्लेड्समधील कयाक-मार्ग आणि खारफुटी

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या नैर्ऋत्येस, एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात, एव्हरग्लेड्स सिटी ते फ्लेमिंगो असा ९९ मैलांचा जलमार्ग आहे. खारफुटीने वेढलेल्या खाड्यांमधून जाणारा हा मार्ग कयाक वल्हवत पार करण्यास आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो. काही मुक्काम तर पाण्यात उभारलेल्या लाकडी मचाणांवरच करावे लागतात. १० सप्टेंबर २०१७ रोजी ‘इर्मा’ या चक्रीवादळाने हा किनारा झोडपला. कयाक उथळ पाण्यातही चालत असल्याने वादळाची हानी तिच्यातून सर्वांत जवळून दिसते, असे मानले जाते. ते अंशतःच खरे आहे.

वाऱ्याचा आघात काठावरील उंच वृक्षांना बसला. फांद्या मोडल्या, पाने झडली. परंतु यांतील बराच भाग वर्षभरात पुन्हा हिरवा झाला. वल्हवणाऱ्यास दिसतो तो हा काठ. खरी हानी त्यामागील सखल भागात झाली. ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार नैर्ऋत्य फ्लोरिडात १० हजार हेक्टरांहून अधिक खारफुटी मृत झाली आणि त्यामागे उधाणाचे साचून राहिलेले पाणी हे महत्त्वाचे कारण होते.

याची कारणमीमांसा मुळांपाशी सापडते. तेथील काळी खारफुटी ही कोकणातील तिवराच्याच प्रजातीतील असून चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांवाटे ती प्राणवायू घेते. उधाणाचे पाणी उंचवट्यांमागे अडकले, ही मुळे दीर्घकाळ बुडाली आणि वाऱ्यात तगलेली झाडे उभ्या उभ्या गुदमरली. लाल खारफुटीची अडचण निराळी : तिच्या जुन्या खोडाला नवे कोंब फुटत नाहीत, म्हणून तेथे नवी रोपे रुजण्याचीच वाट पाहावी लागते. वादळाने आणलेल्या गाळाबाबत मात्र सरसकट विधान करता येत नाही. तो श्वसनमुळे बुजवतो, तसाच फॉस्फरसची वानवा असलेल्या या भूमीला फॉस्फरसही पुरवतो.

त्यामुळे केवळ रोपे लावणे हा उपाय अपुरा ठरतो. आधी पाण्याला वाट हवी. इर्मा जेथे जमिनीवर आले त्या मार्को बेटाजवळ रस्त्याच्या भरावाने भरती-ओहोटी अडून खारफुटी वादळापूर्वीच मरत होती. तेथील पुनरुज्जीवन-प्रकल्पात रस्त्याखाली मोऱ्या बसवून खाडीचे पाणी पुन्हा आत-बाहेर खेळते करण्यात आले.