शिळाछापाचे चित्र आणि राजाचा रोष

राजसत्ता लेखणीला भिते, असे आपण ऐकतो. एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समध्ये मात्र तिला चित्राचे भय अधिक वाटले. असे का व्हावे, हे आपण पाहू.

पूर्वी चित्रे बहुधा तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापीत. तांबे आम्हां बिरसावासीयांस अपरिचित नाही. मलाजखंडची खाण जवळच आहे. परंतु कोरण्याचे काम कष्टाचे, आणि छापता छापता रेषाही झिजत. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलोइस सेनेफेल्डर याने निराळी युक्ती काढली. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढावयाचे, तिच्यावर डिंकाचा संस्कार करावयाचा, ती पाण्याने भिजवावयाची आणि मग तेलकट शाई फिरवावयाची. ओली शिळा शाई घेत नाही. तेलकट रेषा तेवढी घेते. यामुळे चित्राच्या पुष्कळ प्रती थोड्या खर्चात निघू लागल्या.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली याच रीतीने मराठी पंचांग छापले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ओनोरे दोमिए या तरुण चित्रकाराने शिळेवर राजा लुई फिलिप रेखाटला. चित्राचे नाव ‘गार्गांत्युआ’. राब्ले या जुन्या फ्रेंच लेखकाच्या कथेतील हा खादाड राक्षस. चित्रात अगडबंब राजा आसनावर बसला आहे. त्याच्या मुखापर्यंत एक लांब फळी लावली आहे. दरिद्री प्रजेपासून गोळा केलेला पैसा सेवक टोपल्यांतून वर नेतात आणि राजा तो गिळतो. आसनाखालून सनदा व मानसन्मान बाहेर पडतात. ते लाभार्थी मंडळींच्या पदरी जातात. करांची ही सारी व्यवस्था एका दृष्टिक्षेपात उलगडते.

या चित्रापायी दोमिएला सहा महिन्यांची कैद झाली. पुढे १८३५ च्या कायद्याने चित्र छापण्यापूर्वी सरकारची परवानगी सक्तीची केली. लेखांना तशी अट नव्हती. कारण उघड आहे. लेख वाचण्यास अक्षरओळख लागते. चित्र मात्र निरक्षर करदात्यालाही कळते.

राजावर टीका करण्याची वाट बंद झाली, तेव्हा दोमिएने वकील, न्यायाधीश आणि धूर्त व्यापारी यांच्याकडे दृष्टी वळविली. त्याने आयुष्यात सुमारे चार हजार शिळाछाप चित्रे काढली.

म्हणून व्यंगचित्र पाहून हसू ओसरले की आपण एवढे अवश्य विचारावे : यात ओझे कोण वाहतो आहे आणि गिळतो आहे कोण?