विरार लोकल आणि छातीतली जळजळ

छातीत जळजळू लागले, आंबट ढेकर घशाशी आली की पहिला दोष मसाल्याला मिळतो. वसई-विरारकडे तर आरोपी जवळच सापडतात: बाटली मसाल्याचे कालवण, स्टेशनाबाहेरचा वडापाव, सुक्या बोंबलाचे तिखट. 'तिखट-तेलकट बंद' एवढे सांगून डॉक्टरही पुष्कळदा मोकळे होतात. पण इथल्या बऱ्याच जळजळीचे मूळ ताटात काय वाढले आहे यापेक्षा ते ताट किती वाजता पुढ्यात येते आणि त्यानंतर किती वेळात पाठ टेकते यात आहे, असे मला वाटते.

आधी शरीराची रचना पाहू. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते. घास उतरताना ते सैल होते आणि मग आवळून बसते. जठराचे अस्तर आम्ल सोसते, अन्ननलिकेचे सोसत नाही. पोट तुडुंब भरून ताणले गेले की हे कडे अवेळी सैल पडते आणि आम्ल वर चढते. म्हणजे बहुतेकांच्या पोटात आम्ल जास्त झालेले नसते, ते भलत्या जागी पोचलेले असते. माणूस बसलेला असेल तर ते गुरुत्वाकर्षणाने खाली येते, उरलेले लाळेने धुतले जाते. आडवे झाल्यावर पहिली मदत संपते आणि झोपेत लाळ सुटणे जवळजवळ थांबत असल्याने दुसरीही. पोटभर जेवण जठरातून पुढे सरकायला तीन-चार तास लागतात, तेलातुपाचे असेल तर आणखी जास्त.

आता हे वेळापत्रक विरारच्या वेळापत्रकाशी ताडून पाहा. विजेवरची लोकल १९३६ साली विरारला पोचली. विरार ते चर्चगेट अंतर सुमारे ६० किलोमीटर. सात-साडेसातला कचेरीतून निघालेला माणूस लोकल, मग रिक्षा करत घरी येऊन जेवायला बसेपर्यंत साडेनऊ-दहा होतात. सकाळची गाडी पकडायची म्हणून अकराला दिवे मालवावे लागतात. जपानमधल्या ओसाकाच्या संशोधकांनी २००५ साली आम्ल वर चढण्याच्या विकाराचे १४७ रुग्ण आणि २९४ निरोगी माणसे यांची तुलना केली. जेवण आणि झोप यांत चार तास किंवा अधिक अंतर ठेवणाऱ्यांच्या तुलनेत, तीन तासांच्या आत झोपणाऱ्यांत हा विकार असण्याची शक्यता सुमारे साडेसातपट आढळली. अशा तुलनेतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, ही शंका रास्त आहे. पण जठराचे काम कसे चालते हे जे आपल्याला ठाऊक आहे, त्याच्याशी हा आकडा जुळतो. उलट, उपायांवरच्या अभ्यासांचा २००६ सालचा एक आढावा सांगतो की वजन घटवणे आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणे यांचा उपयोग दिसला; अमुक पदार्थ सोडल्याने बरे वाटते याला मात्र भक्कम पुरावा सापडला नाही. म्हणून मिरची निर्दोष ठरत नाही. आधीच सोललेल्या अन्ननलिकेला ती झोंबतेच, आणि ज्याला ती बाधते त्याने टाळावी.

'दहाला पोचणाऱ्याने लवकर जेवायचे कसे?' हा प्रश्न खरा आहे. जेवणाची वाटणी करता येते. पोळी-भाजीचा दुसरा डबा सहाच्या सुमारास कचेरीतच खावा आणि घरी मऊ भात-वरण किंवा पेज, तीही थोडीच घ्यावी. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सहा-आठ इंच उंचीचे लाकडी ठोकळे द्यावेत. नुसत्या उशा रचल्या तर कंबर वाकून पोट उलट दाबले जाते. डाव्या कुशीवर झोपल्यास जठर अन्ननलिकेच्या खाली राहते. हे सगळे त्या बाईला मात्र पुरत नाही, जी त्याच लोकलने येऊन स्वयंपाकाला लागते आणि सर्वांत शेवटी जेवते. तिला 'लवकर जेव' म्हणणाऱ्याने आधी ओट्याशी उभे राहावे.

'मग गोळी कशाला आहे?' पँटोप्रॅझोलसारखी गोळी उत्तम काम करते आणि अन्ननलिकेला जखमा असतील तर ती हवीच. डॉक्टरांनी दिलेली असेल तर परस्पर बंद करू नये. पण ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. जळजळ सुरू झाल्यावर घेतली तर तिचा पुरा उपयोग होत नाही. शिवाय ती आम्ल कमी करते, वर चढणे थांबवत नाही. फसफसणाऱ्या पुडीत सोडियम असते, रक्तदाब असणाऱ्यांनी ती जपून घ्यावी. गार दुधाने घटकाभर बरे वाटते, मग त्यातली प्रथिने आम्ल पुन्हा वाढवतात. केळे अनेकांना मानवते, पण भरल्या पोटावर रात्री अकराला खाल्लेले केळे, वसईचे असले तरी, पोटावरचा भारच वाढवते.

गिळताना घास अडकत असेल, वजन आपोआप घटत असेल, शौच काळी किंवा उलटीत रक्त येत असेल, तर घरगुती उपाय सोडून तपासणी करून घ्या. आणि छातीतली कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, दरदरून घाम येत असेल, तर 'पित्तच असेल' म्हणत सोडा पिऊन वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढा.