वासरांतल्या शहाण्या गाईची परीक्षा

‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ ही म्हण खेळाच्या मैदानावर फार लवकर पटते. आपल्या जिल्ह्यात अजिंक्य ठरलेला संघ राज्य स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत गारद होतो, तेव्हा लोक खेळाडूंना बोल लावतात. पण आपण नेमके किती पाण्यात आहोत हे पाहण्याची संधी त्या संघाला त्याआधी मिळाली होती का, हे कोणी विचारत नाही. दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातल्या विद्यापीठांच्या बास्केटबॉलबद्दल हाच प्रश्न विचारायला हवा. एकट्या दिल्ली विद्यापीठात नव्वदच्या आसपास महाविद्यालये आहेत. जेएनयू, जामिया, इंद्रप्रस्थ विद्यापीठ, नोएडाचे अ‍ॅमिटी, रोहतकचे महर्षी दयानंद, मेरठचे चौधरी चरणसिंह ही सगळी विद्यापीठे एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर आहेत. एवढे सगळे असूनही या पट्ट्यातले विद्यापीठ बास्केटबॉल देशात कुठे उभे आहे, हे खात्रीने सांगता येत नाही. याचे मूळ खेळाडूंच्या कुवतीत नसून स्पर्धांच्या रचनेत आहे.

ही रचना समजून घ्यायला अमेरिकेकडे पाहणे सोयीचे ठरते. तिथल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत साडेतीनशेहून अधिक विद्यापीठे असून ती 31 गटांत वाटलेली आहेत. या गटाला तिथे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतो. पहिले दोन महिने संघ मुख्यतः आपल्या गटाबाहेरच्या संघांशी खेळतात आणि त्यातच हवाई बेटांवरच्या माउई इन्व्हिटेशनलसारख्या तीन दिवसांत आटोपणाऱ्या निमंत्रितांच्या स्पर्धा होतात. नवे वर्ष लागले की गटातल्या गटात साखळी सामने सुरू होतात. इथे एक साधे गणित आहे. साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एसईसी, या गटात 16 संघ असून प्रत्येक जण गटात 18 सामने खेळतो. एकूण सामने झाले 144, म्हणजे 144 विजय आणि 144 पराभव. सगळे संघ उत्तम असोत की सगळे सुमार, ही बेरीज बदलत नाही. गटातला कोण कोणाहून सरस हे त्या सामन्यांतून कळते, पण गट म्हणून सगळ्यांची पातळी काय, हे त्यातून कधीच कळत नाही. ते ठरते नोव्हेंबर-डिसेंबरच्या बाहेरच्या सामन्यांत.

2024-25 च्या हंगामाने हे ठसठशीत दाखवले. एसईसीच्या 16 पुरुष संघांनी गटाबाहेर 208 सामने खेळले आणि त्यांतले 185 जिंकले. शंभरांत जवळपास एकोणनव्वद. माउईची स्पर्धा याच गटातल्या ऑबर्नने जिंकली आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सशी झालेल्या 16 सामन्यांपैकी 14 एसईसीने खिशात घातले. पुढे जानेवारीनंतर हेच संघ एकमेकांना हरवू लागले, पण त्या पराभवांची किंमत वेगळी धरली गेली, कारण हरवणारा बलवान आहे हे आधीच सिद्ध झाले होते. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत 68 संघ घेतात. 31 जागा गटविजेत्यांना आपोआप मिळतात आणि उरलेल्या 37 जागा निवड समिती हंगामभराची कामगिरी तोलून देते. प्रतिस्पर्धी किती तगडा होता आणि सामना घरी, बाहेर की तटस्थ मैदानावर झाला, याचाही त्यात हिशेब होतो. त्या वर्षी एसईसीच्या 16 पैकी 14 संघांना प्रवेश मिळाला. याआधीचा विक्रम 2011 साली बिग ईस्ट गटाच्या 11 संघांचा होता. शेवटी विजेतेपदही एसईसीच्याच फ्लोरिडाने पटकावले.

यावर आक्षेप घेता येतात आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा की मोठी विद्यापीठे छोट्यांना पैसे देऊन आपल्या घरच्या मैदानावर बोलावतात आणि आकडे फुगवतात. हे खरे आहे. म्हणून तर तटस्थ मैदानावरच्या निमंत्रितांच्या स्पर्धा आणि बलवान गटांशी थेट झालेल्या लढती यांना अधिक वजन द्यावे लागते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सुरुवातीच्या यशाने गटाचे नाव होते आणि मग सगळेच त्या पुण्याईवर जगतात. 2011 मध्ये बिग ईस्टचे 11 संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेले, पण शेवटच्या सोळांत त्यांतले फक्त दोन पोहोचले. मात्र त्या दोघांपैकी एकाची कहाणी पाहण्यासारखी आहे. कनेक्टिकट विद्यापीठाच्या संघाला हंगामाच्या आरंभी पहिल्या पंचविसांतही जागा नव्हती. त्याने माउईची स्पर्धा जिंकली, मग गटातल्या साखळीत नऊ विजय आणि नऊ पराभव अशी मध्यम मजल मारली, आणि अखेरीस राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. गटातल्या तक्त्याने जे झाकले होते ते नोव्हेंबरने आधीच दाखवून ठेवले होते. उलट उदाहरणही त्याच विद्यापीठाचे आहे. 2024 मध्ये राष्ट्रीय विजेता म्हणून माउईला गेलेला कनेक्टिकटचा संघ तिथले तिन्ही सामने हरला. सुरुवातीचे सामने भविष्य वर्तवत नाहीत, ते फक्त मोजमाप करतात. मोजमापात चूक राहू शकते, पण त्यासाठी मोजणेच सोडून देणे शहाणपणाचे नाही. चॅमिनेड या होनोलुलूतल्या छोट्या महाविद्यालयाने 1982 च्या डिसेंबरात देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या व्हर्जिनियाला हरवले आणि त्या विजयातूनच पुढे माउईची स्पर्धा उभी राहिली. लहानाला मोठ्यासमोर उभे करणारा सामना ठेवला होता, म्हणून हे घडू शकले.

आता दिल्लीकडे वळू. भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, या संस्थेचे मुख्यालय दिल्लीतच आहे आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा तिच्या छत्राखाली होतात. देशाचे उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम असे चार विभाग पाडलेले आहेत. विभागीय स्पर्धेत आधी बाद पद्धतीचे सामने होतात, मग शेवटच्या चार संघांत साखळी, आणि प्रत्येक विभागातले पहिले चार अखिल भारतीय फेरीला जातात. वरकरणी ही वाटणी न्याय्य दिसते. परंतु तिच्यामागे चारही विभाग सारखेच बलवान आहेत, असे गृहीतक आहे. चेन्नईची विद्यापीठे या खेळात किती मजबूत आहेत हे सगळे जाणतात. उत्तरेत अमृतसर, पतियाळा आणि चंडीगडच्या विद्यापीठांशी गाठ पडते. अशा विभागातला पाचवा संघ दुसऱ्या एखाद्या विभागातल्या तिसऱ्यापेक्षा सरस असूही शकेल, पण ते ठरवणारा एकही सामना विभागीय फेरीआधी झालेला नसतो. दिल्लीचा एखादा संघ पतियाळ्याच्या संघाकडून पहिल्याच फेरीत चार गुणांनी हरला, तर कागदावर त्याची नोंद ‘पहिल्या फेरीत बाद’ एवढीच राहते. चाळीस मिनिटांच्या एका सामन्यात त्याचे वर्ष संपते.

याचा तोटा सर्वाधिक कोणाला होतो, तर वीस वर्षांच्या खेळाडूला. ग्रेटर नोएडात 2017 मध्ये एनबीएची अकादमी सुरू झाली. तिथे घडलेला अमान संधू अमेरिकेतल्या मॉनमथ विद्यापीठात शिष्यवृत्तीवर गेला आणि अकादमीच्या शिबिरांतून पुढे आलेली हरसिमरन कौर सॅन डिएगो विद्यापीठात. या दोघांना तिकडे चांगले प्रशिक्षक आणि चांगली मैदाने मिळाली हे खरेच, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे नोव्हेंबर ते मार्च भरगच्च सामन्यांचे वेळापत्रक मिळाले. आज हरलो तर तीन दिवसांनी पुन्हा उतरायचे आहे, ही खात्री खेळाडूला चुका सुधारायला वेळ देते. दिल्ली विद्यापीठात खेळाच्या कोट्यातून प्रवेश मिळतो, निवड चाचण्या होतात, प्रमाणपत्रे तपासली जातात. इतक्या चाळणीतून आणलेल्या मुलामुलींना मग मोजकेच कसोटीचे सामने द्यायचे, हा गुणांचा अपव्यय आहे.

दिल्लीत हंगामाआधी असे भरपूर सामने ठेवणे शक्य नाही, असे म्हणणाऱ्यांचे मुख्य कारण हवेचे असते, आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. अमेरिकेचा हंगाम नोव्हेंबरात उघडतो, तर दिल्लीचा नोव्हेंबर धुराने भरलेला असतो. 2025 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानेच दिल्ली-एनसीआरमधल्या शाळांच्या मैदानी स्पर्धा सुरक्षित महिन्यांत हलवण्याचा विचार व्हावा असे सुचवले. तेव्हा या महिन्यात सिमेंटच्या उघड्या कोर्टवर मुलांना पळवणे चूकच ठरेल. पण सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हातात असतो. त्यानंतरचे सामने बंदिस्त सभागृहांत होऊ शकतात, आणि 2010 च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांनंतर त्यागराज स्टेडियमसारखी सभागृहे शहरात उभी आहेत. मुंबईच्या क्रिकेटने याहून अवघड वाटावे असे काम केलेले आहे. डॉ. कांगा लीग 1948 पासून ऐन पावसाळ्यात खेळली जाते आणि ओल्या खेळपट्टीवरच्या त्या सामन्यांनी मुंबईच्या फलंदाजांच्या पिढ्या घडवल्या. पाऊस आणि धूर यांत फरक आहे, पावसात खेळता येते आणि धुरात खेळू नये. कांगा लीगकडून घ्यायचे ते एवढेच की मुख्य हंगामाआधी भरपूर सामने हवेत आणि त्यांचे वेळापत्रक आपल्या हवामानाप्रमाणे आखायला हवे. दुसरी हरकत खर्चाची. रोहतक आणि मेरठ दिल्लीपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर आहेत. सकाळी निघून, सामना खेळून रात्री वसतिगृहात परतता येईल एवढ्या अंतरासाठी मोठ्या तिजोरीची गरज पडत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. राजधानी क्षेत्रातल्या आठ विद्यापीठांनी सप्टेंबरात एक साखळी सुरू करावी, मुलांची आणि मुलींची बरोबरीने, आणि ऑक्टोबरात चार दिवसांची निमंत्रितांची स्पर्धा भरवावी. तिला चेन्नई, अमृतसर आणि भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेली शिरीन लिमये जिथली आहे त्या पुण्याच्याही विद्यापीठांना बोलवावे. एआययूने अशा सामन्यांची अधिकृत नोंद ठेवावी आणि अखिल भारतीय फेरीतल्या सोळापैकी काही जागा तरी त्या नोंदीवरून द्याव्यात. पहिल्या वर्षी दिल्लीचे संघ कदाचित सपाटून हरतील. ते हरले तरी चालेल, कारण कुठे कमी पडतो हे त्यांना विभागीय फेरीऐवजी ऑक्टोबरात कळेल आणि सुधारायला हंगाम शिल्लक असेल. विद्यापीठांच्या क्रीडा मंडळांनी येत्या वर्षाचे वेळापत्रक आखताना बाहेरच्या संघांशी सामन्यांसाठी दहा दिवस राखून ठेवावेत, एवढे तरी आजच ठरवावे.