शब्दसंपत्तीचे शिक्षण : समज आणि वस्तुस्थिती

जिंतूर किंवा गंगाखेडकडच्या खेड्यातून शाळेत येणारे मूल शब्ददरिद्री असते, हा समज परभणीच्या सुशिक्षितांत इतका दृढमूल आहे की त्याची शहानिशा करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. वस्तुतः पऱ्हाटी, तिफण, वखर, कडबा, हुरडा यांसारख्या शब्दांचे सूक्ष्म भेद त्या मुलाला अवगत असतात. बंजारा तांड्यावरचे मूल तर गोरबोलीची स्वतंत्र पुंजी घेऊन येते. उणीव असते ती केवळ ग्रंथभाषेच्या परिचयाची, आणि ती घरच्या बोलीला वर्गाबाहेर ठेवून नव्हे, तर तिचाच आधार घेऊन भरून निघते. पिकाची उगवण विरळ झाली म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला विज्ञानाच्या पुस्तकातील 'अंकुरण' एका वाक्यात कळते.

शब्द अर्थासह दहादा लिहिला की पक्का होतो, हाही असाच भ्रम. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर केलेले जे प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले, त्यांत निरर्थक अक्षरमालिका एका दमात ६८ वेळा घोकून जे साधले, तेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधले. म्हणून सोमवारी शिकविलेला शब्द गुरुवारी वही मिटवून विचारावा आणि पुढल्या आठवड्यात निबंधात योजावयास लावावा. शिक्षेदाखल शब्द लिहवून घेण्याविषयी न बोललेलेच बरे.

शब्दार्थ पाठ झाला म्हणजे शब्द आला, असे मानणाऱ्यांनी जुन्या कचेऱ्या आठवाव्यात. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्ह्यावर निजामाचा अंमल होता व दरबारी कामकाज उर्दूत चाले. तरी शाळेचे तोंड न पाहिलेला शेतकरीही महसूल, तगाई, जमाबंदी हे शब्द बिनचूक वापरी, कारण त्यांच्याशी त्याचा वारंवार व्यवहार पडे.

आणि सारे शब्द वर्गातच शिकवावेत म्हटले, तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतच सुमारे ६०,००० शब्द आहेत. रोज दहा शब्द, वर्षाचे दोनशे दिवस, असे दहा वर्षे शिकविले तरी २०,००० होतात. बाकीचे वाचनातूनच यावयाचे. मात्र ओळीओळीला अडविणारे पुस्तक हाती दिल्यास मूल शब्द शिकत नाही, पुस्तक मिटते. तेव्हा परिणाम, प्रमाण, तुलना, निष्कर्ष असे सर्व विषयांत भेटणारे मोजके शब्द शिक्षकांनी निवडून कसून शिकवावेत, आणि शब्दार्थांच्या वह्या तपासण्यात जाणारा वेळ वाचवून शाळेतील पुस्तकांच्या कपाटाचे कुलूप तेवढे काढावे.