पोटातले बिऱ्हाडकरू

एकच दुखणे, एकच डॉक्टर आणि एकच गोळी. पण थोरल्याला तिचा गुण यावा आणि धाकट्याला नुसतीच मळमळ व्हावी, हा अनुभव बहुतेक घरांत येतो. आपण त्याचे खापर कधी प्रकृतीवर, तर कधी बिचाऱ्या डॉक्टरांवर फोडतो. या विषयावरचे संशोधन वाचू लागल्यापासून मला मात्र आणखी एका मंडळीचा संशय येऊ लागला आहे. ती म्हणजे आपल्या आतड्यात बिऱ्हाड थाटून राहिलेले अब्जावधी जंतू!

जंतू म्हटले की आपल्याला रोगच आठवतो. पण यांतले बहुतेक निरुपद्रवी, कित्येक तर उपयोगीच. गिळलेल्या गोळीवर मात्र तेही आपला हात फिरवतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७१ औषधे आतड्यातील ७६ जंतूंपुढे ठेवली गेली. जवळजवळ दोन तृतीयांश औषधांत कोणत्या ना कोणत्या जंतूने फेरफार केलाच.

कधी हा फेरफार आपल्या पथ्यावर पडतो. आतड्याच्या दाहावरचे सल्फासॅलाझिन घ्या. मोठ्या आतड्यातले जंतू त्याचे दोन तुकडे करतात, तेव्हाच त्यातला गुणकारी भाग मोकळा होतो.

पण हृदयविकारावरच्या डिगॉक्सिनची गोष्ट उलटी. सुमारे दहांतील एका रोग्याच्या पोटात या औषधाचा बराच भाग जंतूच निकामी करून टाकतात. १९८१ साली अमेरिकेत जॉन लिंडेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की अशा रोग्यांना अँटिबायोटिक दिले असता रक्तातले डिगॉक्सिन दुपटीपर्यंत चढू शकते. गोळी तीच, पण तिला अडवणारे जंतूच गेले! आणि या औषधाची गुणकारी मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे.

जपानमध्ये १९९३ साली याहून भयंकर प्रकार घडला. नागिणीवर सोरिव्ह्यूडिन हे नवे औषध आले. कर्करोगावर फ्लुरोयुरॅसिलच्या जातीची औषधे घेणाऱ्या काही रोग्यांनाही ते दिले गेले. आतड्यातल्या जंतूंनी त्यापासून असा पदार्थ बनवला, की कर्करोगाच्या औषधाचा निचरा करणारी शरीराची यंत्रणाच बंद पडली. ते औषध साचून विष झाले. चाळीस दिवसांत पंधरा रोगी दगावले.

वाचकहो, हे भिवविण्यासाठी लिहीत नाही. चालू औषध आपल्या मनाने सोडणे हेही तितकेच घातक. आमच्या घरी मी एवढाच रिवाज पाडला आहे: कोण कोणती गोळी घेतो, याची एक वही. डॉक्टरांकडे निघताना ती आधी पिशवीत पडते. आणि कपाटात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, ‘मागे याच तापाला दिल्या होत्या’ म्हणून, कुणालाही द्यायच्या नाहीत. मग मागणारा पाहुणा कितीही जवळचा असो.